प्रतिपिंड कुठे बसलंय?

काचपट्टीवर वीर्याचा एक लहानसा थेंब ठेवतात. शेजारी दुधाळ द्रवाचा दुसरा थेंब. त्यात लॅटेक्सचे अतिसूक्ष्म मणी असतात आणि प्रत्येक मण्यावर माणसाच्या प्रतिपिंडांचा लेप असतो. तिसरा थेंब असतो तो या प्रतिपिंडांना घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रवाचा. तिन्ही थेंब एकत्र कालवायचे, वर पातळ काच ठेवायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. नमुना स्वच्छ असेल तर मणी आपापसांत धरून त्यांचे पुंजके होतात आणि शुक्रजंतू त्या पुंजक्यांमधून सुळसुळ निघून जातात. नमुन्यात गडबड असेल तर शुक्रजंतू पोहत असतात, पण अंगाला मणी घेऊन. माळरानातून चालत आलं की धोतराला कुसळं लागतात, तसे. कुणाच्या डोक्याला, कुणाच्या मधल्या भागाला, कुणाच्या शेपटीच्या अगदी टोकाला. तंत्रज्ञ एकेक शुक्रजंतू मोजत जातो आणि किती जणांना मणी लागले हे टक्क्यांत लिहितो.

या चाचणीला एमएआर टेस्ट म्हणतात. १९७८ साली ती वीर्यासाठी वापरात आली. मण्यांचं काम एवढंच, की डोळ्यांना न दिसणारी वस्तू दिसती करायची. शुक्रजंतूच्या अंगावर आधीच एखादं प्रतिपिंड बसलेलं असेल तर तिसऱ्या थेंबातला द्रव एका बाजूने त्याला आणि दुसऱ्या बाजूने मण्याला धरतो. मणी लागला म्हणजे तिथे प्रतिपिंड आहे.

रिपोर्टवर मात्र यातलं काही उतरत नाही. तिथे ‘अँटिस्पर्म अँटिबॉडी’ असं नाव, पुढे एक आकडा आणि बहुतेक वेळा ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. तीन-चार वर्षं वाट पाहून थकलेलं जोडपं हा कागद हातात घेतं तेव्हा त्यांना तो निकालच वाटतो. मला कळकळीने सांगायचं आहे ते असं, की त्या आकड्यापेक्षा प्रतिपिंड शुक्रजंतूच्या नेमकं कोणत्या जागी बसलं आहे आणि त्यामुळे पुढच्या प्रवासातलं कोणतं पाऊल अडतं आहे, हे कितीतरी महत्त्वाचं आहे. त्यासाठी तो प्रवास नीट समजून घ्यायला हवा.

पण शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूवर प्रतिपिंड सोडतं तरी का? आपली प्रतिकारयंत्रणा आपलं आणि परकं यांतला फरक शिकते ती मुख्यतः आईच्या पोटात असताना आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात. त्या वेळी शरीरात जे जे हजर असतं ते ती ‘आपलं’ म्हणून ओळखते. शुक्रजंतू तेव्हा नसतातच. ते तयार होऊ लागतात वयात येताना, बारा-चौदा वर्षांनी. त्यांच्या अंगावरची कित्येक प्रथिनं शरीरात दुसरीकडे कुठेही नसतात. घरातली शिरगणती होऊन गेल्यावर जन्मलेल्या मुलासारखी त्यांची गत असते. म्हणून निसर्गाने त्यांना भिंतीआड ठेवलं आहे. वृषणातल्या नळ्यांच्या आतल्या बाजूला ज्या मोठ्या आधारपेशी असतात, त्यांचं वर्णन एन्रिको सेर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली केलं. या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून असतात, की रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडं पलीकडे, वाढत्या शुक्रजंतूंपर्यंत सहजी पोचत नाहीत. भिंतीखेरीज यंत्रणेला शांत ठेवणारी रसायनंही आजूबाजूला असतात.

भिंतीला तडा गेला की प्रश्न सुरू होतो. जोराचा मार, वृषणाला पीळ पडणं, संसर्ग, शस्त्रक्रिया, किंवा शुक्रवाहिनी कुठेतरी बंद असणं, ही त्याची कारणं. सगळ्यांत स्पष्ट उदाहरण पुरुष नसबंदीचं. नसबंदीनंतर शुक्रजंतू तयार होतच राहतात, पण त्यांना बाहेर पडायला वाट नसते. ते आतच विरघळतात, त्यांचे अंश ऊतींत झिरपतात आणि अर्ध्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्रजंतूविरोधी प्रतिपिंडं आढळतात. एकेकाळी माकडांवरच्या प्रयोगांमुळे अशी भीती पसरली होती, की या प्रतिपिंडांमुळे रक्तवाहिन्या लवकर कडक होतात. पुढे हजारो माणसांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत तसं काही आढळलं नाही. नसबंदी करून घेतलेल्या कुणाच्या मनात अजून ती भीती असेल, तर ती खुशाल काढून टाकावी.

नसबंदीने आणखी एक गोष्ट शिकवली. मूल दगावलं, दुसरं लग्न झालं, अशा कारणांनी काही पुरुष कापलेली नळी पुन्हा जोडून घेतात. वीर्यात शुक्रजंतू परत येतात, रक्तातली प्रतिपिंडं मात्र जात नाहीत. तरीही त्यांच्यापैकी पुष्कळांना मुलं होतात. रक्तातली प्रतिपिंडं आणि शुक्रजंतूच्या अंगावर बसलेली प्रतिपिंडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच नुसत्या रक्ताच्या तपासणीवर फार विसंबू नये.

हा विषय जुना आहे. १८९९ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि पॅरिसमध्ये एली मेचनिकॉव्ह यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एका जातीच्या प्राण्याचे शुक्रजंतू दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या शरीरात टोचले आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात हे दाखवलं. रक्तगट शोधणारे ते हेच लँडस्टायनर. माणसापर्यंत यायला मात्र अर्धं शतक लागलं. १९५४ साली नेदरलँड्समध्ये रुम्के आणि अमेरिकेत विल्सन यांनी मूल होत नसलेल्या काही पुरुषांच्या रक्तात शुक्रजंतूंना एकमेकांना चिकटवणारी प्रतिपिंडं दाखवली. अशा पुरुषाच्या वीर्यात चांगले धडधाकट शुक्रजंतू डोक्याला डोकं लावून किंवा शेपटीला शेपटी अडकवून घोळक्याने वळवळत असतात. दमलेले नसतात, पण एकही धड पुढे जात नाही.

आता त्यांच्या वाटेवर जाऊ. पहिला दरवाजा गर्भाशयमुखाचा. महिन्यातले बरेच दिवस तिथला स्राव घट्ट बुचासारखा असतो. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास तो पातळ आणि नितळ होतो, पाकाला तार यावी तसा दोन बोटांमध्ये लांबलचक ताणला जातो. त्या धाग्यांमधल्या फटींतून शुक्रजंतू वर सरकतात. अंगावर प्रतिपिंड असेल तर घोटाळा होतो तो इथे. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्याचे दोन हात शुक्रजंतूला धरून असतात आणि खालचा देठ मोकळा राहतो. तो देठ स्रावाच्या धाग्यांत अडकतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. शुक्रजंतू शेपूट हलवतो, सगळं बळ लावतो, पण खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा जागच्या जागी हिसके देत राहतो. क्रेमर आणि जागर या डच संशोधकांनी १९७० च्या दशकात यावरूनच एक चाचणी बसवली. वीर्य आणि गर्भाशयमुखाचा स्राव काचेवर एकत्र करायचा आणि किती शुक्रजंतू असे जागीच थरथरतात ते मोजायचं.

सगळी प्रतिपिंडं सारखी नसतात. आयजीए प्रकारची प्रतिपिंडं जननमार्गातच, स्रावांमध्ये तयार होतात आणि स्रावात अडकण्याच्या बाबतीत ती जास्त त्रासदायक. आयजीजी रक्तातून झिरपून येतात. रक्तात काही पूरक प्रथिनं असतात, ती प्रतिपिंड बसलेल्या पेशीला भोकं पाडून मारतात. जपानच्या शिन्झो इसोजिमा यांनी १९६८ मध्ये याच तत्त्वावर शुक्रजंतू निश्चल करणारी चाचणी तयार केली. गर्भाशयमुखाच्या स्रावात ही प्रथिनं रक्तापेक्षा बरीच कमी असतात, वीर्यात तर त्यांना आवर घालणारे घटकही असतात. त्यामुळे तिथे शुक्रजंतू मरण्यापेक्षा अडकून पडण्याचा धोका मोठा.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो. एका प्रतिपिंडाची लांबी मीटरच्या अब्जांश भागांत मोजतात, साधारण दहा ते पंधरा. शुक्रजंतूचं नुसतं डोकं त्याच्या तीन-चारशे पट लांब असतं. दोन-चार प्रतिपिंडांनी शुक्रजंतू अडत नाही, त्यांची दाटी व्हावी लागते. शिवाय सगळेच शुक्रजंतू गुंतले नसतील तर मोकळे राहिलेले पुढे जातातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तकात बरीच वर्षं निम्म्या फिरत्या शुक्रजंतूंना मणी लागले तरच दखल घ्यावी, असा उंबरठा होता तो यामुळेच. मूल होण्यात अडचण असलेल्या पुरुषांपैकी साधारण ५ ते १५ टक्क्यांमध्ये ही प्रतिपिंडं सापडतात, आणि मुलंबाळं असलेल्या पुरुषांमध्येही १-२ टक्क्यांत सापडतात.

कोट्यवधींतले काहीशेच शुक्रजंतू गर्भनलिकेत स्त्रीबीजाच्या आसपास पोचतात. पोचले म्हणजे लगेच काम झालं असं नाही. ताजा शुक्रजंतू स्त्रीबीजाला फळवू शकत नाही, स्त्रीच्या जननमार्गात काही तास राहून त्याला तयार व्हावं लागतं, हे १९५१ साली मिन चुए चँग आणि कॉलिन ऑस्टिन यांनी वेगवेगळं दाखवून दिलं. या काळात त्याच्या पापुद्र्यातलं कोलेस्टेरॉल निघून जातं, शेपटीचे फटकारे जोराचे होतात आणि डोक्यावरची टोपीसारखी पिशवी फुटायला तयार होते. डोक्यावर प्रतिपिंडं दाटलेली असतील तर ही तयारी अडू शकते, किंवा पिशवी भलत्याच वेळी फुटू शकते. शेपटीच्या टोकाला बसलेल्या प्रतिपिंडाचा इथे काहीच उपद्रव नाही.

आणि मग स्त्रीबीज. मिलिमीटरचा दहावा भाग एवढं, माणसाच्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. त्याच्याभोवती पारदर्शक, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं कवच असतं, झोना पेल्युसिडा. माणसात ते चार प्रथिनांचं विणलेलं असतं. शुक्रजंतूच्या डोक्याने त्याला चिकटायचं, पिशवी फोडायची आणि जोराच्या फटकाऱ्यांनी आत घुसायचं. डोक्यावरच्या प्रतिपिंडांनी चिकटायची जागाच झाकली, तर शुक्रजंतू कवचाला आपटून परत फिरतो. डोक्याची आणि शेपटीची प्रतिपिंडं वेगळी मोजायला हवीत ती एवढ्यासाठी.

कवचाच्या आतला क्षण सर्वांत नाजूक. शुक्रजंतूचा पापुद्रा आणि स्त्रीबीजाचा पापुद्रा एकमेकांत विरघळून एक होतात. हे नेमकं कशामुळे घडतं याचा पत्ता लागला तो एका प्रतिपिंडामुळेच. ओसाकात मासारु ओकाबे यांच्या प्रयोगशाळेकडे उंदराच्या शुक्रजंतूविरुद्धचं एक प्रतिपिंड होतं. ते लावलं की शुक्रजंतू स्त्रीबीजाला जुळत नसे. ते शुक्रजंतूवरच्या कोणत्या प्रथिनाला धरतं हे शोधत गेल्यावर २००५ साली ते प्रथिन हाती लागलं. ज्या उंदरांमध्ये ते प्रथिन नव्हतं त्यांचे नर एरवी धष्टपुष्ट होते, त्यांचे शुक्रजंतू पोहत, कवच भेदून आतही जात, पण स्त्रीबीजाशी एकरूप होत नसत. संशोधकांनी त्याला नाव दिलं इझुमो. जपानमधलं इझुमोचं देवस्थान लग्नं जुळवणाऱ्या देवाचं म्हणून प्रसिद्ध आहे. माणसाच्या इझुमोविरुद्ध प्रतिपिंड लावलं, तर माणसाचे शुक्रजंतूही जुळायचे थांबतात, हेही त्याच कामात दिसलं.

स्त्रीबीजाच्या बाजूचा जोडीदार सापडायला आणखी नऊ वर्षं लागली. २०१४ साली इंग्लंडच्या सँगर संस्थेत एन्रिका बियान्की आणि गॅव्हिन राइट यांना तो मिळाला. रोमन लोकांच्या विवाहदेवीवरून त्याचं नाव ठेवलं जुनो. एक शुक्रजंतू जुळला की सुमारे ४० मिनिटांत स्त्रीबीजाच्या पृष्ठभागावरचा जुनो नाहीसा होतो आणि मागून येणाऱ्यांना दार बंद होतं. इतका नेमका, इतका अल्प वेळ उघडा असलेला हा दरवाजा आहे. त्याच्या कडीवर एखादं प्रतिपिंड येऊन बसलं तर काय होईल, हे सांगायला नको.

उपचारांकडे याच नकाशावरून पाहिलं की बरंच उलगडतं. अडचण गर्भाशयमुखाशी असेल तर धुतलेले शुक्रजंतू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणं, म्हणजे आययूआय, हा सरळ तर्क. धुण्याने चिकटलेलं प्रतिपिंड सुटत नाही, पण पहिला दरवाजा तर टळतो. अडचण कवचाशी किंवा जुळण्याशी असेल तर इक्सी आहे. १९९२ साली ब्रसेल्समध्ये पहिल्यांदा यशस्वी झालेल्या या पद्धतीत एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजाच्या आत सोडतात. स्राव, कवच, इझुमो, जुनो, सगळंच मागे राहतं. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये काही अभ्यासांत फळण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, पण अनेक अभ्यास एकत्र घेऊन पाहिलं तेव्हा गर्भ राहण्याच्या प्रमाणात या प्रतिपिंडांमुळे ठळक फरक आढळला नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा मोठा जमाना होऊन गेला. काही चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला, काहींत नाही. मोठ्या डोसचा धोका मात्र खरा आहे, खुब्याच्या सांध्यातलं हाड रक्तपुरवठा तुटून निकामी होण्यापर्यंत. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसाला असल्या अनिश्चित फायद्यासाठी त्या धोक्यात लोटणं मला पटत नाही.

अमेरिकेतल्या मूत्रविकार आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० सालच्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे, की पुरुषाच्या पहिल्या तपासणीत ही चाचणी करू नये. शुक्रजंतूंचे घोळके दिसतात, जुनी दुखापत किंवा नळी जोडल्याची शस्त्रक्रिया आहे, आणि उत्तरावरून उपचार बदलणार आहेत, अशा वेळी तिला अर्थ आहे. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एवढाच: ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर तुम्ही वेगळं काय करणार?

आणि आता एका अन्यायाबद्दल. ‘नवऱ्याचं बीज तिला मानवत नाही’ हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेन. त्याला विज्ञानाचा पोशाख मिळाला तो १९६४ मध्ये. अमेरिकेत फ्रँकलिन आणि ड्यूक्स यांनी, ज्यांच्या वंध्यत्वाचं कारण सापडत नव्हतं अशा अनेक स्त्रियांच्या रक्तात शुक्रजंतूविरोधी प्रतिपिंडं असल्याचं लिहिलं आणि काही महिने निरोध वापरा, संपर्क थांबला की प्रतिपिंडं ओसरतील, असा सल्ला दिला. नंतरच्या कामातून त्या सल्ल्याला भक्कम आधार मिळाला नाही. पस्तिशीकडे झुकलेल्या बाईचे सहा महिने त्यात जातात, आणि ते परत येत नाहीत. खरं तर आश्चर्य उलटं आहे. आयुष्यभरात अब्जावधी परके शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात येतात आणि बहुसंख्य स्त्रियांचं शरीर त्यांच्याविरुद्ध काहीही करत नाही. वीर्यातले प्रोस्टाग्लँडिन आणि इतर घटक तिच्या प्रतिकारयंत्रणेला शांत राहायला सांगतात आणि ती ऐकते. काही थोड्या स्त्रियांमध्ये प्रतिपिंडं तयार होतात हे खरं, पण आज ज्या मण्यांच्या चाचणीवर मुख्य भर आहे ती होते पुरुषाच्या वीर्यावर. आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की पहिल्यांदा सुनेला दवाखान्यात नेतात, तिच्या नळ्या तपासतात, तिला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला झोपवतात, आणि नवऱ्याचं साधं वीर्य तपासायला वर्ष उलटतं. क्रम उलटा हवा.

ज्या गोष्टीने गर्भ राहू शकत नाही तीच हवी तेव्हा गर्भ टाळायला वापरता येईल का, हा विचारही तितकाच जुना. १९८८ मध्ये प्रिमाकॉफ आणि मायल्स यांनी गिनीपिगांना शुक्रजंतूवरच्या पीएच-२० या प्रथिनाची लस दिली. नर-माद्या दोघंही पूर्णपणे निष्फळ राहिले आणि पुढे बहुतेकांची क्षमता परत आली. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही माणसाच्या शुक्रजंतूवरच्या प्रथिनांवर याच दिशेने बरीच वर्षं काम झालं. लसीची अडचण अशी, की प्रत्येकाचं शरीर तिला वेगळा प्रतिसाद देतं, आणि गर्भनिरोधनात ‘बहुतेकांना’ पुरत नाही.

म्हणून संशोधक तयार प्रतिपिंडाकडे वळले. १९८७ साली इसोजिमा यांच्या गटाने एका जपानी स्त्रीच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांच्यापासून शुक्रजंतूंना घट्ट धरणारं एकच एक प्रतिपिंड बनवणारी पेशीमाळ तयार केली. शुक्रजंतू वृषणातून बाहेर पडून पुढच्या नळीत परिपक्व होताना त्यांच्या अंगावर साखरेचा जो लेप चढतो, त्याला हे प्रतिपिंड धरतं. बोस्टन विद्यापीठात डेबोरा अँडरसन यांच्या गटाने त्याच प्रतिपिंडाची रचना वापरून ते तंबाखूच्या कुळातल्या रोपांच्या पानांमध्ये तयार करून घेतलं आणि योनीत ठेवल्यावर विरघळणारी पातळ फिल्म बनवली. पहिल्या छोट्या चाचणीत ही फिल्म वापरलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात पुढे पोहणारे शुक्रजंतू जवळजवळ दिसेनासे झाले. जिच्या रक्तातून हे प्रतिपिंड आलं, ती बाई वंध्यत्वाची रुग्ण होती. तिला मूल हवं होतं.